दोन उन्हाचे बोंबील

तारापूरच्या दक्षिणेला, समुद्राला अगदी लागून एक गाव होतं. रात्री किनाऱ्यावर उभं राहिलं की उत्तरेला अणुशक्ती केंद्राचे दिवे दिसत, आणि मागे पूर्वेला बोईसरच्या एमआयडीसीतल्या कारखान्यांचा पिवळट उजेड आभाळावर पडलेला असे. केंद्र 1969 साली सुरू झालं, तेव्हा गावातला एक तांडेल ऐन तारुण्यात होता. आता त्याचे गुडघे धरले होते. बोटीवर जाणं थांबलं होतं. ओट्यावर बसून तो समुद्राकडे तोंड करून विडी ओढायचा आणि विचारल्याशिवाय सहसा बोलायचा नाही.

त्याला दोन सुना होत्या. मुलगे बोटीवर जायचे, किनाऱ्यावरचं सगळं या दोघी बघायच्या. थोरली हिशेबाची पक्की होती. कोणत्या बोटीचे किती बोंबील घेतले, कोणाला किती दिले, मिठाचे किती झाले, सगळं तिच्या डोक्यात असायचं. धाकटी तशी नव्हती. ती ओली मासळी टोपलीत भरून बोईसरला न्यायची, आणि तिचा बेत रिक्षात बसल्यावरही बदलायचा. स्टेशनजवळ गिऱ्हाईक नाही असं दिसलं की ती उठून कामगारांच्या चाळींकडे जायची. कधी त्यात दोन पैसे जास्त मिळत, कधी टोपली तशीच परत येई. गावात थोरलीला मान होता. धाकटीला लोक हसायचे.

धाकटीला हसायला कारणही होतं. दोन वर्षांपूर्वी कोणीतरी पाऊस येणार अशी आवई उठवली, आणि तिने आदल्याच दिवशी घातलेले बोंबील घाईघाईने उतरवून मिळेल त्या भावाला देऊन टाकले. पाऊस आलाच नाही. पुढे आठ दिवस कडक ऊन पडलं. तेव्हापासून आभाळात एखादा ढग दिसला की बाया तिला हाक मारून विचारायच्या, "काय गं, उतरवायचे का?"

बोंबील सुकवण्याचं काम दिसायला सोपं आहे. किनाऱ्यावर खांब रोवून, त्यांना आडवे बांबू आणि दोऱ्या बांधून वलांडी उभी करतात. ओला बोंबील हातात धरवत नाही इतका लिबलिबीत असतो, अंगभर नुसतं पाणी. पण त्याच्या जबड्यात बारीक, वाकडे दात असतात. एका बोंबलाचा जबडा दुसऱ्याच्या जबड्यात अडकवला की जोडी तयार होते. ती जोडी दोरीवर टाकायची, एक इकडे, एक तिकडे. गाठ नाही, खिळा नाही. सरावलेली बाई बोलता बोलता शेकडो जोड्या अडकवते आणि तिचं हाताकडे लक्षही नसतं. मग काम उन्हाचं आणि वाऱ्याचं. थंडीतला उत्तरेचा कोरडा वारा असेल तर चार-पाच उन्हांत बोंबील काठीसारखा कडक होतो. एका उन्हाचे, दोन उन्हाचे, चार उन्हाचे, अशीच त्यांची मोजणी चालते.

त्या वर्षी, म्हणजे 2017 साली, थोरलीने मोठा बेत केला होता. घराचं छप्पर गळत होतं. पावसाळ्यात स्वयंपाकघरात भांडी मांडावी लागली होती, आणि एका रात्री चूलच विझली होती. तेव्हाच तिने ठरवलं, पुढच्या पावसाआधी पक्कं छप्पर घालायचं. धाकटीची मुलगी आठवीत होती, तिच्या वहीत थोरलीने सगळं लिहून घेतलं. दिवाळीनंतर बोंबील भरपूर मिळतात, तेव्हा तीन वलांड्या लावायच्या. सुकलेला माल लगेच विकायचा नाही, कारण थंडीत सगळ्यांकडेच माल असतो आणि भाव पडलेला असतो. माळ्यावर जपून ठेवायचा. वैशाखात लोक आगोटीची खरेदी करतात, मनोर, विक्रमगड, कासा, जव्हारच्या बाजारांत पावसाळ्याच्या बेगमीला सुकी मासळी उचलली जाते. तेव्हा काढायचा. वैशाख संपता संपता गवंड्याला पैसे द्यायचे. जूनच्या आत छप्पर.

बेतात खोट नव्हती. ज्यांनी ऐकलं ते म्हणाले, बाई असावी तर अशी.

कार्तिक चांगला गेला. मार्गशीर्ष लागला. थोरलीच्या पहिल्या वलांडीवरचे बोंबील जवळजवळ सुकले होते. दुसरी वलांडी शनिवारी सकाळी भरली. तिसरी अजून रिकामी होती.

रविवारी, 3 डिसेंबरला दत्तजयंती होती. देवळात भजन चाललं होतं आणि लोकांच्या हातातल्या फोनवर दुसरंच काही चाललं होतं. श्रीलंकेच्या बाजूला उठलेलं ओखी नावाचं चक्रीवादळ कन्याकुमारी आणि केरळला झोडपून अरबी समुद्रात शिरलं होतं. तिकडचे किती तरी मच्छीमार बेपत्ता होते. केरळ-तमिळनाडूच्या बोटी वाऱ्याने लोटत लोटत देवगडच्या आसऱ्याला आल्या होत्या. वादळ आता गुजरातकडे निघालं होतं. बोटींना परत फिरण्याचे निरोप गेले होते. रात्रीच्या भरतीला गावच्या बोटी एकामागून एक खाडीत शिरल्या, तेव्हा बायांनी आपापला माणूस मोजून घेतला आणि मग मासळीकडे पाहिलं. थोरलीच्या वाट्याला सहा टोपल्या बोंबील आले. तिसऱ्या वलांडीचा माल आला म्हणून ती खूश झाली.

सोमवारी सकाळी ऊन पडलं नाही. आभाळ खालपासून वरपर्यंत राखाडी होतं. थोरली ओल्या बोंबलांच्या टोपल्या घेऊन तिसऱ्या वलांडीकडे निघाली. धाकटी तिच्या मागे आली, पण टोपली तिने ओट्यावरच ठेवली.

"बाय, आज घालायचे?"

"मग काय डोक्यावर ठेवायचे? आज घातले तर शुक्रवारी उतरतील. दुसरी वलांडी बुधवारी."

"आणि पाऊस आला तर?"

शेजारची बाई हसली. थोरली हसली नाही, पण म्हणाली, "मार्गशीर्षात पाऊस कोणी पाहिलाय? वादळ गुजरातला चाललंय. तुझं दरवर्षीचंच आहे."

ती काही चुकीचं बोलत नव्हती. तिच्या सासूने, सासूच्या सासूने मार्गशीर्षात निर्धास्तपणे वलांड्या लावल्या होत्या. शिवाय दुसऱ्या वलांडीवरच्या मालाला दोनच उन्हं लागली होती. आता उतरवला तर तो धड ओला नाही, धड सुका नाही. साठवला तर आठवड्यात अळ्या. म्हणजे वैशाखातला भाव गेला, आणि त्याच्याबरोबर छपराचा एक कोपराही.

म्हातारा ओट्यावरून बघत होता. थोरली जाता जाता त्याच्यापाशी थांबली. ती विचारायला थांबली नव्हती, टोपली हातबदल करायला थांबली होती. पण थांबली म्हणून विचारलं.

"बाबा, तुम्हाला काय वाटतं?"

म्हाताऱ्याने विडीचा धूर सोडला आणि तो कुठे जातो ते बघत राहिला. धूर उत्तरेकडे गेला. एरवी या दिवसांत सकाळचा धूर समुद्राकडे तरी जायचा, नाहीतर दक्षिणेकडे.

"वारा फिरलाय," तो म्हणाला. "आणि अंगाला चिकटतोय. पाऊस येईलच असं मी म्हणत नाही. पण पाऊस नाही आला तरी या वाऱ्यात बोंबील सुकायचे नाहीत."

थोरली गप्प राहिली. तिने हात दुसऱ्या वलांडीवरच्या एका बोंबलाला लावला. काल संध्याकाळी त्याचं अंग कोरडं लागलं होतं. आज ते पुन्हा ओलसर होतं. रात्रभरात त्याने हवेतलं पाणी घेतलं होतं.

"मग बेताचं काय?" ती म्हणाली. "वहीत लिहिलंय सगळं."

"तुला बोंबील सुकवायचेत का छप्पर घालायचंय?"

"दोन्ही एकच की, बाबा."

"परवापर्यंत एकच होतं," म्हातारा म्हणाला आणि त्याने पुन्हा समुद्राकडे तोंड केलं.

थोरली तिथेच ओट्याच्या कडेला बसली. बराच वेळ बसली. शेजारच्या बाईने आपला ओला माल वलांडीवर घालायला घेतला होता, तिच्या बोटांची चटचट ऐकू येत होती. मग थोरली उठली आणि धाकटीला म्हणाली, "तुझी टोपली इकडे आण. आणि सांग, ओले बोंबील आज बोईसरला किती जातील?"

धाकटीला कोणी असं विचारलं नव्हतं. ती म्हणाली, "आज नाही जायचे, बाय. काल सगळ्या बोटी एकदम आल्यात. पालघर, बोईसर, डहाणू, सगळीकडे ओली मासळी पडून असणार. आज फुकट मागतील." मग थोडं थांबून म्हणाली, "पण उद्या एकही बोट नाही जायची. परवाही नाही. उद्या बाजारात ताजी मासळीच नसेल. उद्या दोन उन्हाचे नेले तर?"

"दोन उन्हाचे कोण घेतं? मार्गशीर्ष आहे. अर्ध्या घरांत मासळीच बंद."

"आपल्या घरांत. चाळींत ओडिशाचे, बंगालचे लोक आहेत. त्यांना कुठला मार्गशीर्ष? ते सुकी मासळी शोधत फिरतात. सुखुआ म्हणतात, शुटकी म्हणतात."

थोरलीने हे आधीही ऐकलं असेल. पण त्या चाळींकडे टोपली घेऊन दारोदार जाणं तिला कमीपणाचं वाटायचं. तिचा माल व्यापारी घरी येऊन नेत असे.

त्या सकाळी तिने तीन वलांड्यांचे तीन निर्णय घेतले. पहिल्या वलांडीवरचे बोंबील जवळजवळ कडक झाले होते, ते उतरवून माळ्यावर, चुलीच्या वर पसरायचे, धुराने उरलीसुरली ओल निघेल. काल आलेले ओले बोंबील वलांडीवर घालायचेच नाहीत. पोट फाडून, धुऊन, थर लावून खड्या मिठात घालायचे. खारवलेल्या बोंबलाला भाव कमी, पण तो आठ दिवस वाट बघू शकतो. आणि दुसरी वलांडी, दोन उन्हाची, संध्याकाळपर्यंत उतरवून धाकटीच्या हवाली.

दोघी कामाला लागल्या. नवरेही आले. दुपारी गावातल्या काहींनी त्यांच्याकडे बघून वलांड्या उतरवल्या, काहींनी नाही. शेजारच्या घराने मोठी ताडपत्री आणली, ती वलांडीवर टाकली आणि चारी बाजूंनी दोरीने आवळून बांधली. तोही विचार वाईट नव्हता. एखाद्या सरीपुरता तो पुरला असता.

अंधार पडता पडता पाऊस आला. थोरलीच्या दुसऱ्या वलांडीवर समुद्राकडच्या दोन ओळी उतरवायच्या राहिल्या होत्या. ती तशीच पावसात धावली, पण नवऱ्याने हाताला धरून मागे आणलं. समुद्र खवळलेला होता, आणि आदल्या दिवशीच पौर्णिमा झालेली, रात्रीच्या भरतीला उधाण येणार होतं. त्या दोन ओळी गेल्या.

रात्रभर पाऊस पडला. सरकारने मुंबई, ठाणे, रायगड, पालघर आणि खालच्या कोकणातल्या शाळांना मंगळवारी सुट्टी दिली. त्यामुळे धाकटीची मुलगी घरी होती. ती म्हणाली, मी येते. थोरली, धाकटी आणि ती मुलगी, तिघी प्लास्टिक गुंडाळलेल्या टोपल्या घेऊन रिक्षात बसल्या.

शाळा बंद होत्या, कारखाने बंद नव्हते. बोईसरला पहिली पाळी सुटली तेव्हा तिघी एका बंद दुकानाच्या पत्र्याखाली बसल्या होत्या. पत्र्यावर पाऊस वाजत होता. बाजारात ओली मासळी खरंच नव्हती. पहिला अर्धा तास कोणी थांबलं नाही, आणि थोरलीने पदर तोंडावर ओढून घेतला. तिला वाटत होतं, आपल्या व्यापाऱ्याने आपल्याला असं पाहू नये.

मग एक बाई छत्री मिटून वाकली. तिने एक बोंबील उचलला, नाकाशी नेला, पोटाशी अंगठ्याने दाबला. मांस दबलं, पण बोट आत गेलं नाही. तिने हिंदीत काहीतरी विचारलं. ते हिंदी थोरलीला कळलं नाही, थोरलीचं तिला कळलं नाही. आठवीतली मुलगी मध्ये पडली. बाई बंगालची होती, नवरा कापडाच्या कारखान्यात होता. ती म्हणाली, कडक बोंबील आम्हाला इथे सगळीकडे मिळतात, असे मऊ मिळत नाहीत. कांदा, लसूण आणि भरपूर लाल मिरची घालून परतायचे आहेत. बोटांवर भाव ठरला. ती घेऊन गेली. अर्ध्या तासाने ती आणखी दोघींना घेऊन आली. त्या दोघींच्या मागे एक ओडिशाचा माणूस आला, त्याने एकट्याने टोपलीभर घेतले, त्याच्या खोलीत सात जण राहत होते.

अंधार पडण्याआधी टोपल्या रिकाम्या झाल्या.

मिळालेले पैसे वैशाखातल्या भावाने आले असते त्यापेक्षा बरेच कमी होते. थोरलीने रिक्षातच हिशेब केला आणि तिचा चेहरा उतरला. धाकटी काही बोलली नाही. मुलगी मात्र म्हणाली, "मोठी आई, वैशाखात जे मिळणार होते ते वहीत होते. हे हातात आहेत." थोरलीने तिला गप्प बसवलं, पण पैसे पुन्हा एकदा मोजले.

मंगळवारी रात्री वादळ दक्षिण गुजरातच्या किनाऱ्याजवळ जाता जाता विरून गेलं. बुधवारी आभाळ मोकळं व्हायला लागलं. शेजारच्यांनी ताडपत्री सोडली तेव्हा आतून वाफ आली. वरून पाण्याचा थेंब आत शिरला नव्हता, पण आतलं पाणी बाहेर जायला वाटच नव्हती. सगळे बोंबील पिवळे पडून चिकट झाले होते. पालघर, डहाणू, वसईच्या किनाऱ्यावर त्या आठवड्यात वलांड्यांवरची अशी किती तरी मासळी भिजली आणि सडली. शेजारच्यांचा माल शेवटी वाडीत खत म्हणून गेला. थोरलीने त्यांच्याकडे बघून एक शब्द काढला नाही. आपल्या माळ्यावरचे थोडे बोंबील मात्र त्यांच्या घरी नेऊन दिले.

ऊन आल्यावर मिठातले बोंबील तिने वलांडीवर घातले. ते तांबूस झाले, दिसायला काही खास नव्हते. पुढे विक्रमगडच्या बाजारात स्वस्तात गेले.

वैशाख संपत आला. छपराचे पूर्ण पैसे जमले नाहीत. थोरलीने गवंड्याला बोलावलं आणि सांगितलं, सगळ्या घराचं नको, यंदा स्वयंपाकघराचं करा. पुढच्या पावसाळ्यात चूल विझली नाही. पुढच्या खोलीत भांडी मांडावी लागली.

गोष्ट इथे संपवली असती तर धाकटी शहाणी आणि थोरली हट्टी असा अर्थ निघाला असता, आणि तो खोटा झाला असता. म्हणून पुढच्या वर्षीचंही सांगायला हवं.

पुढच्या वर्षी थोरलीने पुन्हा वही काढली. बेत करायचं तिने सोडलं नाही. पण आता ती तिन्ही वलांड्या एकदम भरत नसे. एक भरली की दोन-तीन दिवसांनी दुसरी. कोणत्याही दिवशी अवकाळी आलाच, तरी सगळा माल एकाच अवस्थेत सापडायचा नाही. आणि दर आठवड्याला थोडे दोन उन्हाचे बोंबील धाकटीबरोबर बोईसरला जायचे, कारण चाळींतून आता मागणीच येत होती. धाकटी उगाच फिरत नसे. कोणत्या चाळीत पगार कधी होतो हे तिने मुलीकडून लिहून घेतलं होतं. तिच्याकडेही वही आली होती.

त्या पौषात एके दिवशी आभाळ भरून आलं. गाव आता दुधाने पोळलेलं होतं. सगळ्यांनी भराभर वलांड्या उतरवायला सुरुवात केली. धाकटी धावत आली. "बाय, चल, उतरवूया."

थोरलीने एका बोंबलाला हात लावला. कोरडा होता. तिने ओट्याकडे पाहिलं. म्हातारा विडी ओढत होता, पण तिने त्याला काही विचारलं नाही. फक्त धूर बघितला. धूर समुद्राकडे जात होता.

"राहू दे," ती म्हणाली.

"सगळे उतरवतायत!"

"त्यांना आभाळ दिसतंय. वारा अजून आपलाच आहे. चार वाजता पुन्हा बघू."

चार वाजता तिने पुन्हा हात लावला, पुन्हा धूर बघितला. पाच वाजता ढग पांगले. ज्यांनी उतरवले होते त्यांनी दुसऱ्या दिवशी पुन्हा जोड्या अडकवल्या, आणि दोन दिवसांची मजुरी वाया गेली. त्या वर्षी थोरलीचा माळा भरला. वैशाखात माल निघाला, आणि पुढच्या खोलीचं छप्पर झालं.

गावातले लोक अजून म्हणतात की ओखीच्या सोमवारी थोरलीने आपला बेत मोडला. मला ते अर्धंच खरं वाटतं. तिने वैशाख सोडला, व्यापाऱ्याची वाट बघणं सोडलं, आणि टोपली घेऊन दारात बसायची लाज सोडली. छप्पर तिने सोडलं नव्हतं. बेतातली कोणती गोष्ट साधन आहे आणि कोणती आपल्याला खरंच हवी आहे, हे बहुतेकांना बेत जुळत असतो तोवर वेगळं करून बघावं लागत नाही. ते वेगळं करायची पाळी येते तेव्हा आपण बहुधा घाईत असतो, किंवा रागात. थोरलीला ओट्याच्या कडेला थोडा वेळ बसता आलं. तिचा सगळा शहाणपणा त्या बसण्यात होता, असं मला वाटतं. आणि ज्या जावेला ती हसत नसली तरी फारसं मोजतही नव्हती, तिला तिने त्या दिवशी प्रश्न विचारला. हेही सोपं नव्हतं.

अरबी समुद्र त्यानंतर शांत राहिला असं नाही. 2019 च्या ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये क्यार आणि महा ही वादळं लागोपाठ आली, ऐन बोंबलांच्या हंगामात. 2020 च्या 3 जूनला निसर्ग आलं. 2021 च्या मे महिन्यात तौक्ते या किनाऱ्यासमोरून गेलं, तेव्हा वडराईजवळ एक मोठी बार्ज खडकात येऊन अडकली आणि डहाणूकडच्या चिकूच्या बागा झोपल्या. मार्गशीर्षात पाऊस कोणी पाहिलाय, असं आता या भागात कोणी विचारत नाही. वलांड्या मात्र दरवर्षी उभ्या राहतात.

थंडीत कधी बोईसरला उतरलात आणि बाजारात असे मऊ बोंबील दिसले, तर अंगठ्याने दाबून बघा. मांस दबावं, बोट आत जाऊ नये. घेतलेत तर त्याच रात्री करा, फार तर दुसऱ्या दिवशी. डब्यात भरून पावसाळ्यासाठी ठेवू नका, ते त्या कामाचे नाहीत.